जुना ट्रॅक्टर, रोटावेटर ऑनलाइन घेताना: भाव जाहिरातीच्या साइटवर पाहा, माणूस फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर शोधा

मागच्या महिन्याभरात तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला, भाऊ जुना ट्रॅक्टर घ्यायचा आहे, फेसबुकवर पाहू की ओएलएक्सवर? प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगितलं, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो, जे पहिल्यांदाच जुनं घेऊन राहिले त्यांच्यासाठी. माझी नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात सहा एकर आहे, थोडा संत्रा, बाकी कापूस, सोयाबीन, तूर. मी आजपर्यंत सगळं जुनंच घेतलं, ट्रॅक्टर, रोटावेटर (ट्रॅक्टरमागं लावून माती भुसभुशीत करायचं अवजार), पेरणी यंत्र आणि बागेतला फवारणीचा ब्लोअर. त्यात एकदा बयाना बुडाला, एकदा खराब मशीन घेता घेता वाचलो, आणि दोन सौदे असे झाले की आजही तेच मशीन शेतात चालून राहिलं.

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही वापरा, पण एकच काम दोघांकडून करून घेऊ नका. ओएलएक्स, ट्रॅक्टर जंक्शन, खेतीगाडी अशा जाहिरातीच्या ठिकाणी भाव कळतो. फेसबुकचे ग्रुप, मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस कळतो, आणि जुन्या मशीनमध्ये अर्धी किंमत त्या माणसाचीच असते, त्यानं ते कसं वापरलं याची.

पहिलं काम: फोन उघडायच्या आधी काय पाहिजे ते ठरवा

हे बहुतेक जण करतच नाहीत. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर झाडांच्या ओळीतून निघणारा १५ ते २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर लागतो, तिथं ४५ एचपीचा घेतला तर फांद्या मोडतात. सोयाबीन-कापसाला, ट्रॉली ओढायला ३५ ते ४५ एचपी बरा. रोटावेटर घेताना आधी आपल्या ट्रॅक्टरची ताकद पाहा, सहा फुटी रोटावेटर स्वस्तात मिळाला म्हणून ३५ एचपीच्या मागं लावला तर आपल्या काळ्या जमिनीत, त्यातही ओल असली की, ट्रॅक्टर दबतो आणि डिझेल पितो.

मग नवीन केवढ्याला येते ते एकदा शोरूममध्ये जाऊन विचारा, कोटेशन घ्या, लाजू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ७ लाख धरली तर आधी ७ लाख ८४ हजार होत होते, आता ७ लाख ३५ हजार होतात, म्हणजे ४९ हजार सरळ कमी. पण जुनं विकणारे बरेच जण अजूनही त्या आधीच्याच हिशोबानं भाव सांगतात, आणि घेणाऱ्याला हे माहीत नसलं तर तो देऊनही टाकतो. अवजार घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या साइटवर, अनुदानाचंही पाहून घ्या. नव्या रोटावेटरवर लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत मिळते, जुन्यावर काही मिळत नाही. मंजुरी येईपर्यंत हंगाम निघून जाऊ शकतो हेही खरं, पण घाई नसेल तर अनुदानातला नवा आणि बाजारातला जुना यांच्या भावात कधी कधी फारसा फरक राहत नाही.

दुसरं: जाहिरातीच्या साइटवर आठ दिवस नुसतं बघायचं

आठ दिवस फोन कुणालाच करायचा नाही. एक वही घ्या आणि तुम्हाला पाहिजे त्या मॉडेलच्या पंधरा-वीस जाहिराती लिहून काढा, समजा ५७५ महिंद्रा पाहिजे किंवा ७४४ स्वराज. कोणत्या सालचा, किती तास चाललेला, कोणतं पासिंग (कुठल्या आरटीओची नोंदणी), किती सांगून राहिला, जाहिरात कधीची. आठ दिवसांनी पुन्हा तीच यादी पाहा. ज्या जाहिराती गायब झाल्या ते मशीन बहुतेक विकलं गेलं, म्हणजे तो भाव बाजाराला पटला. ज्या दोन-तीन महिन्यांपासून तशाच लटकून आहेत त्यांचा भाव जास्त आहे किंवा मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. ही वही माझ्या लेखी सगळ्यात कामाची, कारण नंतर सौदा करताना समोरचा म्हणतो की असा ट्रॅक्टर कुठंच मिळणार नाही, तेव्हा तुमच्याजवळ सांगायला काहीतरी असते.

एक लक्षात ठेवा, एकच मोबाइल नंबर पाच-सहा वेगवेगळ्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीत दिसला तर तो शेतकरी नाही, दलाल किंवा जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी आहे. दलाल वाईटच असतो असं मी म्हणत नाही, काही जण कागदपत्रांचं काम चोख करून देतात, फक्त त्याचे पैसे भावात धरलेले असतात आणि मशीनचा इतिहास त्याला माहीत नसतो.

भाव हंगामावरही हलतो. एप्रिल-मे-जूनमध्ये नांगरणी-पेरणीच्या तोंडावर सगळ्यांनाच पाहिजे असते, भाव चढतात. पेरण्या आटोपल्यावर, म्हणजे जुलैच्या शेवटापासून पोळ्यापर्यंत हातात पैसा नसतो, फवारणीचा आणि खताचा खर्च डोक्यावर असतो, तेव्हा विकणारे खाली येतात. मी माझा ट्रॅक्टर पोळ्याच्या चार दिवस आधी घेतला होता.

तिसरं: आता माणूस शोधा

फेसबुक मार्केटप्लेसवर अंतर निवडता येते, नागपूर धरून आधी ४०-५० किलोमीटर ठेवा म्हणजे सावनेर, कळमेश्वर, हिंगणा, कामठी, मौदा, उमरेड, रामटेक येऊन जाते. जवळचा माणूस म्हणजे दोनदा जाऊन पाहता येते, आणि त्याच्या गावात तुमच्या ओळखीचं कुणी ना कुणी निघतेच.

फेसबुकवर शोधताना चुकीच्या स्पेलिंगनंही शोधा. लोक टॅक्टर लिहितात, ट्रक्टर लिहितात, रोटर, रोटावेटर, रोटाव्हेटर, इंग्रजी अक्षरातही टाकतात, आणि ज्यानं घाईघाईत चुकीचं टाकलं त्याची पोस्ट कमी लोकांना दिसते, तिथंच बरा सौदा मिळतो. साल, तास, भाव असं फिल्टर लावून शोधणं जाहिरातीच्या साइटवर सोपं जाते, फेसबुकवर तसं नीट होत नाही, त्यामुळं वेळ जातो हे मान्य.

पण फेसबुकवर एक गोष्ट मिळते जी जाहिरातीत मिळत नाही. विकणाऱ्याच्या प्रोफाइलवर जा आणि खाली खाली सरकत जुन्या फोटोंपर्यंत पोचा. दसऱ्याला आपल्याकडं ट्रॅक्टर धुवून, हार घालून, हळद-कुंकू लावून पूजा करतात आणि फोटो टाकतात. मी ज्याच्याकडून ट्रॅक्टर घेतला त्याच्या चार वर्षांआधीच्या दसऱ्याच्या फोटोत तोच ट्रॅक्टर होता, तोच नंबर, डाव्या मडगार्डला तोच पोचा, आणि बोनेटवर बसलेली त्याची लहान मुलगी. तेव्हा मला कळलं की मालक तोच आहे आणि निदान चार वर्षं तरी ट्रॅक्टर त्याच्याच घरी आहे. उलट अकाउंट दोन महिन्यांपूर्वी उघडलेलं, प्रोफाइल लॉक, मित्र दहा आणि पोस्ट सगळ्या विकण्याच्याच, तर तिथून मागं फिरा.

व्हॉट्सअ‍ॅप यापेक्षाही बरं, कारण तिथं ओळखीतूनच शिरावं लागते. तुमच्या भागातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीचा नंबर सेव्ह करून ठेवा आणि त्याचे स्टेटस पाहत जा, गॅरेजला आलेलं विकाऊ मशीन तो आधी स्टेटसवर टाकतो, आणि त्या मशीनच्या पोटात काय आहे हे त्यानं स्वतः पाहिलेलं असते.

स्वतःही पोस्ट टाका, नुसतं शोधत बसू नका. ती नेमकी लिहा, म्हणजे फालतू फोन येत नाहीत. माझी अशी होती:

«सहा फुटी रोटावेटर पाहिजे, चालू हालतीतला, शेतकऱ्याकडूनच. कळमेश्वर, सावनेर, काटोल भागातला असल्यास उत्तम. गिअरबॉक्सचा आणि पात्यांचा जवळून फोटो टाका. स्वतः येऊन पाहून, चालवून घेणार. बयाना ऑनलाइन देणार नाही.»

ते शेवटचं वाक्य आवर्जून टाका, फसवणारे तिथंच गळतात. मोबाइल नंबर पोस्टमध्ये उघडा टाकू नका, मेसेंजरवर बोला, माणूस बरा वाटला की मग द्या.

रील आणि यूट्यूबवर जुन्या ट्रॅक्टरच्या बाजाराचे व्हिडिओ खूप येऊन राहिले, ते पाहा पण त्यावरून घेऊ नका. धुतलेला, रंगवलेला, टायरला काळं पॉलिश मारलेला ट्रॅक्टर व्हिडिओत नवाच दिसतो.

चौथं: फसवणूक कशी ओळखायची

माझे पाच हजार कसे गेले ते सांगतो. एका साइटवर बागेसाठी छोटा ट्रॅक्टर दिसला, बाजारभावापेक्षा जवळपास अर्ध्या किमतीत. फोन लावला तर माणूस गोड बोलला, म्हणाला मी फौजेत आहे, कामठीला होतो, आता बदली झाली, ट्रॅक्टर कॅन्टोन्मेंटमध्ये उभा आहे, गेट पास काढावा लागेल. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला दुसरा गिऱ्हाईक उद्या सकाळी येऊन राहिला, तुम्ही पाच हजार टाका, मी थांबवतो. टाकले. संध्याकाळी पुन्हा फोन, वाहतुकीचे आठ हजार टाका. तेव्हा फोटो नीट पाहिला तर नंबर प्लेट पुसट केलेली, आणि मागं जी शेतं दिसत होती ती आपल्याकडची नव्हतीच, दूरदूरपर्यंत सपाट गहू आणि बांधावर सफेद्याची (निलगिरीची) झाडं. गुगल लेन्सवर फोटो टाकला तर तोच ट्रॅक्टर पंजाबच्या एका जाहिरातीत निघाला.

म्हणून नियम एकच, मशीनला हात लावल्याशिवाय एक रुपयाही नाही. समोरच्याला मनापासून विकायचं असेल तर तो एक दिवस थांबतो. व्हिडिओ कॉलवर ट्रॅक्टर चालू करून दाखवायला सांगा, चेसिस नंबर दाखवायला सांगा, फसवणारा तिथंच फोन ठेवतो. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे पुढच्या खात्यात थांबण्याची शक्यता जास्त. मी लाजून दोन दिवस कुणाला बोललो नाही, ते करू नका.

पाचवं: जायच्या आधी फोनवर काय विचारायचं

आरसी (नोंदणीचा कागद) कुणाच्या नावावर आहे, कर्ज आहे का, काहून विकून राहिले, आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टर कुठं चालला. या शेवटच्या प्रश्नावर खूप काही अवलंबून आहे. मौदा-रामटेककडच्या धानाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर चिखलणीला पाण्यात उतरतो, त्याचे एक्सलचे सील आणि ब्रेक आधी पाहावे लागतात. रेती आणि वीटभट्टीवर चाललेल्या ट्रॅक्टरचा क्लच, गिअर आणि पुढचा एक्सल गेलेला असतो, आणि रेतीवाल्याच्या मागं तहसीलची दंडाची केसही असू शकते. ज्यानं घरची आठ-दहा एकर केली आणि थोडं भाड्यानं मारलं, त्याचा ट्रॅक्टर सगळ्यात बरा.

गाडीचा नंबर मागून एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाका. नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, फायनान्स कुणाचा, सगळं दिसते. एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीण, एमएच ३१ आणि ४९ शहर, एमएच ३२ वर्धा, ३६ भंडारा. एमपी २८ छिंदवाडा आणि एमपी ४८ बैतूल, सीमेवरचे हे ट्रॅक्टर सावनेर-नरखेडच्या ग्रुपवर रोज दिसतात आणि भावही कमी असतो, पण पहिल्यांदा घेणाऱ्यानं त्यात पडू नये असं माझं मत, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत), मग इकडं नवीन नंबर, यात महिने जातात.

सहावं: प्रत्यक्ष पाहणी, इथं घाई अजिबात नको

सकाळी जा, आणि फोनवर आधीच सांगा की ट्रॅक्टर चालू करून ठेवू नका. एकदा मी उमरेडकडं सातच्या आत पोचलो, नमस्कार करायच्या आधी इंजिनला हात लावला तर गरम. मालक म्हणाला आत्ताच चारा आणला. आवारात ओला चारा कुठं दिसत नव्हता, ट्रॉलीही शेडमध्ये कोरडी उभी होती. थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू होत नसेल तर लोक आधीच तापवून ठेवतात. मी चहा घेतला आणि निघून आलो.

मिस्त्री सोबत न्या, त्याचा दिवसाचा रोज द्या, पेट्रोल द्या. हे हजार-दीड हजार वाचवू नका. तरी स्वतःलाही कळायला पाहिजे म्हणून सांगतो. चालू केल्यावर थोडा धूर येणारच, पण गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळून राहिलं, काळा राहिला तर एअर फिल्टर किंवा नोझल-पंपाचं काम, पांढरा थांबतच नसेल तर नोझल किंवा इंजिनात पाणी. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभक वाफारा येत असेल तर रिंग-लायनर गेले समजा. डिपस्टिक काढा, ऑइल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, तिथूनच परत या.

लिफ्टला जड अवजार लावून वर उचला, इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा, अवजार हळूहळू खाली बसलं तर हायड्रोलिकचं काम निघणार. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर चालवा, गिअर निसटतो का पाहा. पुढचं चाक जॅकवर उचलून हातानं हलवा. टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, मागचे दोन टायर बदलायचे म्हटलं तर तीस-चाळीस हजार जातात, तेवढे भावातून कमी करून मागा.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, भागाकार करा. दहा वर्षांचा ट्रॅक्टर आणि मीटरवर १८०० तास, म्हणजे वर्षाला १८० तास. भाड्यानं मारणारा माणूस इतके तास एका हंगामात करतो. मीटर बंद पडलेलं किंवा बदललेलं असते. त्यापेक्षा क्लचचं पेडल, ब्रेकचं पेडल, गिअरची मूठ पाहा, किती झिजली ते तिथं दिसते.

रोटावेटरचं वेगळं आहे. नरखेडजवळ एक पाहायला गेलो होतो, लाल रंग इतका ताजा की बोटाला वास येत होता. खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सच्या खालच्या मातीवर वाटीएवढा काळा डाग, ऑइल टपकून टपकून झालेला. साइडच्या पत्र्यावर नख फिरवलं तर रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ लागली, वीतभर. रोटर हातानं फिरवला तर एका जागी अडकत होता, शाफ्ट वाकलेला. पाती मात्र सगळी नवीकोरी बसवली होती, कारण फोटोत पातीच दिसतात. पात्यांचा खर्च किरकोळ असतो, खरा पैसा गिअरबॉक्स, साइड गिअर, बेअरिंग आणि शाफ्टमध्ये असतो, ते पाहा. पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटावेटरला देणाऱ्या दांड्याचा, क्रॉस ढिला आहे का तेही हलवून पाहा.

सातवं: कागद

रोटावेटर, नांगर, पंजी यांना पासिंग नसते, पण बिल मागा. अनुदानातून घेतलेलं अवजार असेल तर मुदतीआधी न विकण्याचं हमीपत्र त्यानं दिलेलं असते, ते विचारून घ्या. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, हे बरेच जण विसरतात आणि बिनकागदाची ट्रॉली घेऊन बसतात.

ट्रॅक्टरला आरसी, विमा, नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर त्यांची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. «कर्ज फेडलं, फक्त कागद आणायचा आहे» यावर पैसे देऊ नका, तो कागद आणू द्या मग द्या. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः रॉकेलच्या कापडानं पुसून आरसीशी जुळवा, खोडल्यासारखं दिसलं तर नको. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या. नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर री-पासिंगचा (पुन्हा नोंदणीचा) खर्च धरा. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असते, विम्याच्या बदलीसाठी घेणाऱ्याला १४ दिवस आहेत. नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं म्हणजे ट्रॅक्टर आपल्या नावावर झाला असं होत नाही, अपघात झाला तर जुना मालक आणि तुम्ही दोघंही अडकता.

आठवं: पैसे आणि घरी आणणं

मोठी रक्कम बँकेतूनच द्या, आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात, भावाच्या-मेहुण्याच्या नाही. बयाना तिथंच, मशीनसमोर, आणि त्याची चिठ्ठी घ्या, त्यावर किती दिले, किती राहिले, किती दिवसात उचलणार हे लिहिलेलं असावं. घासाघीस करा पण मशीनला नावं ठेवून नाही, ज्यानं दहा वर्षं त्यावर घर चालवलं त्याला ते लागते. वही काढा, टायरचे इतके, सीलचे इतके, विम्याचे इतके, असा हिशोब मांडा, माणूस ऐकतो.

निघायच्या आधी पाना-पेटी, टॉप लिंक, पिना, लिफ्टच्या साखळ्या, जुन्या सर्व्हिसचं पुस्तक, सगळं मागून घ्या, नंतर कुणी आणून देत नाही. आणि मालकाला दहा मिनिटं बसवून विचारा की याला काय काय त्रास आहे, कोणतं ऑइल टाकत होते, कोणत्या मिस्त्रीकडं नेत होते. पैसे हातात आल्यावर माणूस खरं सांगतो. मला त्यानं सांगितलं होतं की हा थंडीत सकाळी सेल्फ घेत नाही, बॅटरीची अर्थिंगची तार घासून लावा, ते आजही दर डिसेंबरला कामी येते.

घरी आणल्यावर शेतात घालायच्या आधी इंजिन ऑइल, फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट सगळं बदला, गिअरचं आणि हायड्रोलिकचं ऑइल मिस्त्रीला दाखवा, आणि त्या दिवशीची तारीख आणि मीटरचा आकडा जाहिरातींचे भाव लिहिलेल्या त्याच वहीत पुढच्या पानावर लिहून ठेवा.